मोठा टर्बो, स्टँडअलोन ईसीयू आणि पेट्रोल भरलं की बंद पडणारी गाडी: वापरानंतरचा अनुभव

पूर्ण बूस्टला, म्हणजे टर्बोने हवेचा दाब पुरता चढवल्यावर, गाडी कशी पळते याचे व्हिडिओ सगळेच टाकतात. तापलेलं इंजिन बंद केलं, दहा मिनिटांनी परत चालू केलं, तर ती आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालू राहते का, हे कुणी दाखवत नाही. माझ्या मते ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) आणि ट्यूनरची (त्यातले आकडे बसवणाऱ्याची), दोघांचीही परीक्षा तिथेच होते. त्यामुळे हा रिव्ह्यू बराचसा त्या एकाच गोष्टीवर आहे. हॉर्सपॉवरचे आकडे शोधत आला असाल तर इथे ते मिळणार नाहीत.

सेटअप थोडक्यात: दोन लिटर, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन (इंधन सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत फवारलं जातं). टर्बो मूळपेक्षा मोठा, फ्रंट माउंट इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, टाकीत मोठा पंप. ईसीयू प्लग-इन प्रकारचा, म्हणजे मूळ वायरिंगच्या कनेक्टरला थेट बसणारा. सोबत ४ बारचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि थ्री-पोर्ट बूस्ट सोलेनॉइड (बूस्ट किती हवा ते सांभाळणारी विजेवरची झडप). कंपनीचं आणि ट्यूनरचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

स्टँडअलोनच, म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी पूर्ण वेगळा ईसीयू, का, हा प्रश्न येणारच. पिगीबॅक, म्हणजे मूळ ईसीयू ठेवून त्याला जाणारे सिग्नल बदलणारा डबा, आधी वापरून झालाय. टर्बो मूळचाच ठेवून थोडा बूस्ट वाढवायचा असेल तर त्यात वावगं काही नाही. पण मोठे इंजेक्टर आले की पिगीबॅकला मूळ ईसीयूशी खोटं बोलावं लागतं. हवा खरी आहे त्यापेक्षा कमी येतेय असं तो सांगतो, म्हणजे ईसीयू इंजेक्टर कमी वेळ उघडतो आणि हिशोब जुळतो. फक्त तोच ईसीयू मग 'लोड कमी आहे' असं समजून इग्निशन टायमिंग पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर टाकतो. बूस्ट जास्त आणि टायमिंगही जास्त! नॉकला (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी, आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांना) आमंत्रण द्यायची याहून सोपी रीत नसेल.

फ्लॅश, म्हणजे मूळ ईसीयूतलाच मॅप (इंधन-टायमिंगचे तक्ते) बदलणं, हा तुमच्या गाडीला उपलब्ध असेल तर आधी तोच बघा. कोल्ड स्टार्ट, आयडल, नॉक कंट्रोल यांवर कारखान्यात महिनोन् महिने काम झालेलं असतं, ते सगळं तुम्हाला आयतं मिळतं. डायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) गाडी असेल तर बहुतेकांसाठी विषय इथेच संपतो. त्या इंजेक्टरना उघडायला ६५ व्होल्टच्या आसपासचा झटका लागतो, हाय प्रेशर पंपाचं नियंत्रण वेगळंच, आणि हे सगळं सांभाळणारे स्टँडअलोन महागात जातात. माझ्या मूळ ईसीयूला फ्लॅशचा धड पर्याय नव्हता, म्हणून हा मार्ग धरला.

आता मुद्द्यावर येतो.

पहिले काही आठवडे मजेत गेले. सकाळी गार इंजिन एका सेल्फमध्ये चालू, रस्त्यावर बूस्ट गुळगुळीत, वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगच्या वर सोलेनॉइड बूस्ट अगदी नेमका धरून ठेवतोय. पण पेट्रोल भरायला थांबलो, इंजिन बंद केलं, पैसे देऊन परत आलो की रड सुरू. सेल्फ मारला की इंजिन पेट घेतं, आरपीएम हजारावर जातो, तिथून पाचशेवर घसरतो, दोन गचके खातो आणि बंद. मागे रांगेतले हॉर्न वाजवतायत. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून अर्धा मिनिट गाडी जिवंत ठेवली की पुढे काहीच घडलं नसल्यासारखी चालते.

ट्यूनरचं उत्तर: 'मोठे इंजेक्टर आहेत, एवढं चालायचंच.' अहो, कसं काय चालायचं? लॉग, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले आकडे, काढून पाठवला. त्यावर उत्तर: 'डायनोवर असं काही झालं नव्हतं.' डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) होणारच नाही, तिथे समोर मोठा पंखा लावलेला असतो आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं कुणी वाट बघत नाही. पुढे तर सगळा कारभार फोनवरूनच, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा.

लॉगमध्ये गोष्ट स्पष्ट होती. इंजिन बंद असताना इनटेक एअर टेंपरेचर सेन्सर ४० अंशांवरून ७० वर चढायचा. इन्स्टॉलरने तो थेट अॅल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या भागात) बसवला होता, आणि इंजिन थांबलं की मॅनिफोल्ड तापतंच. म्हणजे सेन्सर हवेचं नव्हे, धातूचं तापमान सांगत होता. आपला ईसीयू स्पीड डेन्सिटीवर चालतो, हवेचं वजन तो दाब आणि तापमान यांवरून काढतो. हवा खरंतर ४० अंशांची, ईसीयूला वाटतंय ७०. केल्व्हिनमध्ये ३१३ आणि ३४३. झालं, इंधन जवळपास ९ टक्के कमी, लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, त्याच्या वर म्हणजे इंधन कमी) १.१० च्या घरात. वाइडबँड हे दुरुस्त करेल म्हणाल, तर तो तेव्हा स्वतःच तापत असतो, आणि क्लोज्ड लूप (वाइडबँड बघून इंधन सुधारत राहणं) चालू व्हायच्या आत गाडी बंद पडलेली असते.

यात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी निघाल्या. स्टार्टनंतर काही सेकंद जादा इंधन द्यायचं टेबल असतं, त्यात ८० अंशांच्या वरचे सगळे चौकोन शून्य! तापलेल्या इंजिनाला काही लागत नाही असं गृहीत धरलेलं. आणि गरम हवेला टायमिंग मागे घ्यायचं टेबल नुसतं तापमानावर होतं, लोडचा त्यात पत्ताच नाही. पूर्ण बूस्टला नॉक टाळायला जी सहा डिग्री मागे घ्यायची, तीच सहा डिग्री आयडललाही मागे. आधीच इंधन कमी, वर टायमिंगही कमी, मग इंजिनात उभं राहायची ताकद येणार कुठून?

मोठ्या इंजेक्टरचा दोष अजिबातच नव्हता असं नाही. आयडलला माझा पल्स, म्हणजे इंजेक्टरला एका वेळी उघडं राहायचा सिग्नल, साधारण १.६ मिलीसेकंद. त्यातला जवळपास १ मिलीसेकंद इंजेक्टर उघडण्यातच जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. उरले ०.६. बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की डेड टाइम वाढतो, आणि सेल्फ मारल्यानंतर ते उतरलेलंच असतं. टेबलमध्ये फक्त ०.१ मिलीसेकंदाची चूक असली तरी इंधनात सहाव्या हिश्श्याचा फरक पडतो. इंजेक्टर घेताना उत्पादकाकडून डेड टाइमचा व्होल्टेजनुसार तक्ता मिळत नसेल तर ते इंजेक्टर कितीही स्वस्तात मिळोत, घेऊ नका. अंदाजाने भरलेल्या आकड्यांवर आयडल कधीच बसत नाही.

एवढं सगळं कळलं, तर मग दुरुस्त का केलं नाही? कारण मॅपला कुलूप! ईसीयू माझा, पैसे माझे, पण पासवर्ड ट्यूनरकडे. 'मॅप ही माझी बौद्धिक संपत्ती आहे.' बरं बाबा, असेल तुझी, मग ते चार चौकोन तूच बदल. तर त्यासाठी पुन्हा डायनोचा अर्धा दिवस लावावा लागेल, आणि त्याचे पैसे वेगळे. आयडलसाठी डायनो कशाला लागतो हे मला आजही कळलेलं नाही. कंपनीला विचारलं, तर पासवर्ड काढून देता येत नाही, ईसीयू पूर्ण पुसता येतो. पुसला की मॅपही गेला. कुलपाची सोय कंपनीनेच दिलेली आहे, आणि बॉक्सवर तिची जाहिरात 'ट्यूनरचं संरक्षण' अशी आहे. मालकाचं संरक्षण कुठे छापलंय, ते बॉक्स उलटसुलट करून बघितलं तरी सापडलं नाही.

शेवटी पुसला. दुसऱ्या ट्यूनरकडे गेलो, पहिली अट घातली: मॅप उघडा मिळाला पाहिजे. तो हसला आणि म्हणाला, "काका, मी कुणाचाच लॉक करत नाही. परत येणारे कामासाठी येतात, कुलपासाठी नाही." सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून थ्रॉटलच्या आधीच्या पाइपमध्ये लावला, आणि बंद टोकाचा बदलून उघड्या टोकाचा घेतला, म्हणजे हवा हलली की आकडा पटकन खाली येतो. स्टार्टनंतरचं इंधन ९० अंशांना १२ टक्के ठेवलं, काही सेकंदांत उतरत जाणारं. टायमिंगच्या टेबलात लोडचा अक्ष आणला. आणि एक चांगली सोय या ईसीयूत आधीपासूनच होती, पहिल्याने तिला हातही लावला नव्हता: हवेचं तापमान फक्त सेन्सरवरून न धरता सेन्सर आणि कूलंट यांच्या मिश्रणातून काढणं. हवा सावकाश वाहत असेल तेव्हा ती मॅनिफोल्डच्या भिंतींना तापते, म्हणून कूलंटचं वजन जास्त. जोरात वाहत असेल तेव्हा सेन्सरचं. काटकसर करणाऱ्यांनी ऐकून ठेवा, हे मेगास्क्वर्टसारख्या स्वतः जोडायच्या ईसीयूतही आहे. त्यासाठी महागडा डबा लागतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता पेट्रोल भरून परत आलो की गाडी चालू होते. चालू होते आणि चालूच राहते.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि शेरा जवळजवळ 'घेऊ नका' असाच होता. एका ट्यूनिंगचे पैसे दोनदा मोजल्यावर दुसरं काय लिहिणार? पण मधल्या काळात असं काही झालं की तो शेरा मला बदलावा लागला.

मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला, आणि बूस्ट चढताच ईसीयूने सरळ पॉवर कापली. डॅशवर इंजिन प्रोटेक्शनचा इशारा. मनात आलं, झालं, आता हे नवीन नाटक. घरी येऊन लॉग उघडला. माझ्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर आहे. बूस्ट १.४ बार असेल तर रेलमध्ये ४.४ हवं, म्हणजे इंजेक्टरच्या दोन बाजूंत कायम ३ बारचा फरक. लॉगमध्ये रेल ३.७ वर घसरलेलं, फरक २.३. इंधनाचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे १२ टक्के कमी. लॅम्ब्डा ०.८० वरून ०.९१ कडे निघालेला. फरक २.५ च्या खाली गेला की कापायचं, ही मर्यादा दुसऱ्या ट्यूनरने घातली होती, आणि ईसीयूने डोळ्याचं पातं लवायच्या आत ती अमलात आणली.

कारण टाकीच्या झाकणावरच्या कनेक्टरमध्ये सापडलं. मोठ्या पंपाचा करंट मूळच्या बारीक पिनमधून चालला होता. एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिन काळी, ओढली तर कनेक्टरसकट हातात. पंपाला व्होल्टेजच पुरं पोचत नव्हतं. माझ्या मूळ ईसीयूला रेलच्या प्रेशरची कल्पनाच नव्हती, तो सेन्सर त्याला नव्हताच. पिगीबॅक असता तर मी तो चढ तसाच ओढला असता आणि पिस्टनचे फोटो टाकले असते. आता पंपाला बॅटरीपासून जाड वायर, वेगळा रिले आणि फ्यूज आहे. मोठा पंप घालणाऱ्या प्रत्येकाने हे पंपाबरोबरच करून घ्यावं, आणि स्टँडअलोन घेणाऱ्याने रेलचा प्रेशर सेन्सर घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नये. अख्ख्या सेटअपमध्ये एवढ्या कमी पैशांत एवढं काम करणारी दुसरी वस्तू नाही.

नॉक कंट्रोलबद्दल मात्र सावध राहा. सेन्सर मूळचाच वापरता येतो, पण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं ते तुम्ही सांगायचं. सिलिंडरच्या त्रिज्येवरून ती निघते, ८६ मिमी बोअरला (व्यासाला) साधारण ६.७ किलोहर्ट्झ. तिथे इंजिनाचा स्वतःचा खडखडाटही बराच असतो, म्हणून आम्ही दुप्पट फ्रिक्वेन्सीवर ऐकतो. दुसऱ्या ट्यूनरने हेडफोन लावून, एकेका सिलिंडरची मर्यादा वेगळी ठरवून हे बसवलं. पहिल्याने ते फक्त 'ऑन' केलं होतं.

बाकी किरकोळ. एसी लागला की आयडल किंचित बुडतो, पण सावरतो. प्लग-इन असल्यामुळे मीटर, पंखे, एबीएस सगळं जागच्या जागी. स्कॅनर लावला तर ईसीयू अर्धवटच उत्तरं देतो, म्हणून जिथे उत्सर्जन चाचणी ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटवरून होते तिथे हा डबा अडवणार, हे धरूनच चाला. सॉफ्टवेअर चांगलं आहे, लॉगिंग तर उत्तम.

क्रूझ कंट्रोल पहिल्या दिवसापासून बंद आहे. कंपनीला तीनचार वेळा लिहून झालं, पुढच्या फर्मवेअरमध्ये येईल असं उत्तर येतं. बॉक्सवर मात्र ते आधीपासूनच छापलेलं आहे.