कॅलगरीतलं गॅरेज, सुतारकाम आणि गॅस हीटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर 2023 मध्ये माझ्या गॅरेजच्या छताला 45,000 बीटीयूचा गॅस हीटर लागला (बीटीयू हे उष्णतेचं माप; हीटरची ताकद तासाला किती बीटीयू अशी सांगतात). आता मे 2024 सुरू झालाय आणि रात्री पारा शून्याखाली गेला की तो अजूनही थोडा वेळ चालतो. म्हणजे एक अख्खा हिवाळा त्याच्याबरोबर काढला. कॅनडात किंवा अशाच थंडीत राहून गॅरेजमध्ये काहीतरी घडवायची हौस असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितेय, कारण मला घेण्याआधी असं कुणी सांगितलं असतं तर एक हिवाळा आणि काही हत्यारं वाचली असती.

कॅलगरीत बऱ्याच घरांचं गॅरेज घरापासून सुटं, मागच्या गल्लीवर असतं. माझंही तसंच आहे. 22 बाय 22 फूट, भिंती 9 फूट उंच, पुढे 16 बाय 7 फुटांचं मोठं दार. गाडी बाहेर. आत टेबल सॉ आणि बँड सॉ या विजेच्या करवती, भुस्सा ओढायचं मशीन, एक लांब बाक, आणि सावंतवाडीहून सामानातून आणलेल्या आजोबांच्या पटाश्या नि दोन रंधे. आजोबा सुतार होते. इथे मी पोळपाट, चौरंग, देव्हारे करते. आधी घरापुरते करायचे, आता इथली मराठी मंडळीही सांगतात. दिवसा नोकरी असते, त्यामुळे लाकडाला हात लागतो तो संध्याकाळी सात ते दहा आणि शनिवार-रविवार. नोव्हेंबर ते मार्च त्या वेळेला बाहेर पारा बहुतेकदा शून्याखाली असतो, थंडीची लाट आली की उणे 10 ते उणे 25, आणि एखाद्या आठवड्यात उणे 30 सुद्धा.

2022-23 चा हिवाळा मी प्रोपेनच्या सिलिंडरवर चालणाऱ्या, लाल जाळीच्या हीटरवर काढला. दुकानातून उचलला, नळी जोडली, पेटवला. परमिट नको, कारागीर बोलवायला नको. वीस मिनिटांत बोटं वळायला लागायची, त्यामुळे पहिले दोन आठवडे मी फार खूश होते.

डिसेंबरातल्या एका सकाळी टेबल सॉवरची चादर काढली तर बिडाच्या पाट्यावर नारिंगी ठिपके. आदल्या रात्री तिथे काहीच नव्हतं. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं, बोटाला तांबूस भुकटी आली. धावत जाऊन खण उघडला. आजोबांच्या दीड इंची पटाशीची पाठ त्यांनी घासून घासून आरशासारखी केली होती. तिच्यावर अंगठ्याच्या ठशाएवढा गंज चढला होता. गंज घासून काढला, पण पोलादात बारीक खड्डे पडले ते पडलेच. खूप रडू आलं त्या दिवशी.

कारण नंतर कळलं. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं, किलोमागे साधारण 1.6 किलो. माझा सिलिंडर 9 किलोचा, आपल्याकडच्या 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरपेक्षा लहान. तरी तो संपेपर्यंत गॅरेजच्या हवेत 14 लिटरच्या वर पाणी गेलेलं असतं. धुरासाठी बाहेर जाणारी नळी नसली की ते सगळं आतच राहतं. हवा झटकन तापते, बीड मात्र तासन्‌तास थंडगार असतं. ओलसर गरम हवा त्याला लागली की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम सुटतो, आणि सकाळी गंज.

आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी डोकं जड झालं, मळमळायला लागलं, तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजला. दार वर करून बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले. अलार्म नसता तर मी ‘दिवसभराचा थकवा असेल’ म्हणून काम चालूच ठेवलं असतं. त्यानंतर तो हीटर पुन्हा पेटवला नाही. बंद जागेत, धूर बाहेर नेणाऱ्या नळीशिवाय, ज्वाळेचा हीटर लावू नका, हे मी हात जोडून सांगते. ‘दार जरा उघडं ठेवलं की झालं’ असं म्हणणारे भेटतील. उणे 20 मध्ये दार उघडं ठेवून कोण काम करतं?

गोंदाचाही असाच धडा मिळाला. लाकडाचा नेहमीचा पीव्हीए गोंद प्रकारानुसार 8 ते 13 अंशांखाली नीट धरत नाही. वाळताना खडूसारखा पांढरा पडतो. हवा गरम असून भागत नाही, लाकूडही तेवढं गरम लागतं. एका मैत्रिणीच्या देव्हाऱ्याची चौकट रात्री चिकटवून, क्लॅम्प आवळून, हीटर विझवून मी झोपायला गेले. दोन दिवसांनी क्लॅम्प सोडले तर सांधा अलगद हातात आला. आत पांढरी भुकटी.

मग मात्र उन्हाळाभर नीट अभ्यास केला. पहिली गोष्ट समजली ती ही की मी प्रश्नच उलट्या बाजूने धरला होता. कोणता हीटर घ्यावा हे नंतर. उष्णता कुठून आणि किती जाते ते आधी. गॅरेजच्या भिंतींना आतून काहीच नव्हतं, नुसते उभे वासे दिसायचे. छताच्या वर मोकळी पोकळी. दार पत्र्याचं, एकेरी. बाहेर उणे 30 आणि आत 16 अंश ठेवायचे असतील तर अशा गॅरेजमधून तासाला सुमारे 58,000 बीटीयू जातात असा माझा हिशेब आला. भिंतीत 4 इंची वाशांच्या मापाची, उष्णता अडवणारी (इन्सुलेशनची) लोकर, छतावर जाड थर, आतून प्लास्टिकचा कागद आणि जिप्सम बोर्ड, शिवाय फोम भरलेलं दार, एवढं केल्यावर तोच आकडा 17,500 च्या आसपास येतो. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यातही लादीच्या कडेने जाणारी उष्णता तशीच राहते, कारण घातलेलं काँक्रीट काही उकरता येत नाही.

जून ते ऑगस्ट मी आणि नवऱ्याने मिळून भिंती भरल्या. दार तेवढं कारागिराकडून बसवलं. लोकर, प्लास्टिक आणि बोर्ड यांना साधारण 3,200 कॅनेडियन डॉलर लागले, दाराचे वेगळे. प्लास्टिकचे जोड टेपने बंद करताना कंटाळा करू नका. नाहीतर आतली ओल भिंतीत शिरून तिथे गोठते आणि वसंतात वितळून वाशांना भिजवते.

आता हीटर. विजेचा 5 किलोवॅटचा घेणं सगळ्यात सोपं होतं. 240 व्होल्ट, 30 अँपिअरची वेगळी लाइन, छताला टांगला की झालं. ना धूर, ना पाणी. पण 5 किलोवॅट म्हणजे 17,000 बीटीयू. माझ्या हिशेबाशी जेमतेम बरोबरी, थंड गॅरेज तापवायला हातात काहीच उरत नाही. शिवाय गॅरेजपर्यंत आलेल्या वायरवर हीटर, सॉ आणि भुस्सा ओढायचं मशीन एकदम चाललं नसतं. आणि आमच्या अल्बर्टा प्रांतात विजेच्या दराचा भरवसा कसा धरायचा? 2023 च्या ऑगस्टात इथला नियंत्रित दर युनिटला 30 सेंटच्या वर गेला होता. तरीही एवढं सांगते की गॅरेज एका गाडीचं असेल आणि इन्सुलेशन चांगलं असेल तर विजेचाच घ्या, बाकी काही बघू नका.

हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा स्प्लिट एसी, हा मनाला सगळ्यात पटलेला पर्याय होता. युनिटमागे दोन-तीन पट उष्णता देतो आणि उन्हाळ्यात गारवाही. थंड प्रदेशासाठीची मॉडेल्स उणे 25-30 पर्यंत चालतात, पण तिथवर जाताना त्यांची ताकद उतरते, आणि माझ्या मनाला खात्री हवी होती ती नेमकी त्याच रात्रींची. बारीक भुस्सा हा दुसरा अडथळा. आतल्या युनिटच्या जाळ्या आणि पाती भरून जातात, हे मी ओळखीच्या एकाच्या गॅरेजमध्ये डोळ्यांनी पाहिलं. कॅलगरीऐवजी सौम्य थंडीच्या व्हँकूव्हरला असते तर डोळे झाकून हाच घेतला असता.

तर गॅस. त्यातही दोन जाती आहेत. एक जळायला लागणारी हवा गॅरेजमधूनच ओढते आणि धूर बाहेर टाकते. दुसरी हवासुद्धा बाहेरून वेगळ्या नळीने घेते, आतल्या हवेचा आणि ज्वाळेचा संबंध येत नाही. सुतारकाम करत असाल तर दुसरीच घ्या. सहाशे-सातशे डॉलर जास्त पडले, पण भुस्सा बर्नरमध्ये ओढला जात नाही आणि गॅरेजची गरम हवाही नळीतून वाया जात नाही. पॉलिश किंवा थिनरचं काम असेल तेव्हा मी तरीही हीटर आधी पूर्ण बंद करते, मोठं दार थोडं वर करते, आणि वास गेल्याशिवाय पुन्हा लावत नाही. तेलाची फडकी पेटू नयेत म्हणून पाण्याच्या डब्यात.

45,000 बीटीयूचा घेतला त्याला आणखी एक कारण होतं. कॅलगरी समुद्रसपाटीपासून 1,000 मीटरच्या वर आहे. इथे हवा विरळ म्हणून गॅसची उपकरणं साधारण 10 टक्के कमी करून लावतात, म्हणजे राहिले 40,500. त्यातला पाचवा हिस्सा धुराबरोबर जातो. हातात येतात 32,000 च्या आसपास. गरजेच्या दुपटीला थोडं कमी, आणि थंड गॅरेज लवकर तापवायला तेवढं लागतंच. साठ-पंचाहत्तर हजार बीटीयूचा विकायला दुकानदार उत्सुक असतात. मोठा हीटर दोन मिनिटं पेटतो, विझतो, परत पेटतो; उष्णता सारखी राहत नाही.

हीटरचे 1,700 आणि घरापासून गॅरेजपर्यंत चर खणून गॅसची पिवळी नळी टाकणं, परमिट, जोडणी यांचे 3,100 डॉलर. खणण्याआधी जमिनीखालच्या वायरी-नळ्यांच्या खुणा करून घेतल्या. हे काम इथे फुकट होतं. हीटर मागच्या कोपऱ्यात टांगलाय, कारण मोठं दार वर गेल्यावर त्याच्या खाली येता कामा नये. तोंड दाराकडे न करता भिंतीच्या कडेने वळवलं.

आता वापराबद्दल. काम नसताना 7 अंश, काम असताना 16. ऑफिसमधून निघताना फोनवरून वाढवते, घरी येऊन जेवेपर्यंत हवा तयार असते. पण बीड, क्लॅम्प आणि फळ्या खऱ्या अर्थाने गरम व्हायला तीन-चार तास लागतात, म्हणून गोंद लावायचा असेल त्या दिवशी दुपारीच 18 करते आणि ती रात्र तसंच ठेवते. या हिवाळ्यात एकही सांधा सुटला नाही. मैत्रिणीचा देव्हाराही नव्याने करून दिला. आणि गंज? एक ठिपका नाही. 7 अंशांच्या खाली सहसा न जाऊ देणं हेच त्यामागचं खरं कारण आहे असं माझं मत झालंय. गार पडू देऊन पुन्हा झटक्याने तापवणं लोखंडाला सोसत नाही.

13 जानेवारी 2024 ची रात्र विसरणार नाही. संक्रांतीच्या आधीचा शनिवार. पारा उणे 30 च्याही खाली होता. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम कर्कश सूचना आली, अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर ताण आलाय, लागेल तेवढीच वीज वापरा. मी सॉ बंद केला, दिवे मालवले, हीटर 7 वर आणला. गॅस हीटरला वीज लागते ती पंख्यापुरती. गॅरेज टिकलं, आम्ही आत जाऊन तिळगूळ वळत बसलो.

पण त्याच आठवड्यात हीटरने दगाही दिला. रविवारी पहाटे फोनवर 3 अंश दिसले. जाऊन बघते तर दिवा लुकलुकतोय, बर्नर पेटत नाही. भिंतीबाहेरच्या नळीच्या तोंडावर बर्फाची अंगठीच झाली होती, हवेचा रस्ता अर्ध्याहून जास्त बंद. हवा पुरेशी मिळत नाही म्हणून सुरक्षेचा स्विच त्याला पेटू देत नव्हता. लाकडी मोगरीने हळूच ठोकून बर्फ काढला, सुरू झाला. तिसऱ्यांदा असं झाल्यावर नीट पाहिलं तेव्हा कळलं की बसवणाऱ्याने आडव्या नळीला बाहेरच्या बाजूला उतारच दिला नव्हता; धुरातलं पाणी आत साचून थोडं थोडं तोंडाशी गोठत होतं. पुस्तिकेत उतार स्पष्ट लिहिलाय. त्या माणसाला चार वेळा फोन केला, शेवटी दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतलं. बसवून झाल्यावर लेव्हल घेऊन स्वतः तपासा, पैसे त्यानंतर द्या.

दुसरी तक्रार कोरडेपणाची, आणि ती हीटरची नाही, थंडीची आहे. बाहेरची हवाच इतकी कोरडी की आत आर्द्रता 20 टक्क्यांवर येते. सागवानाची एक रुंद फळी हीटरच्या झोताखाली ठेवली होती, चार दिवसांत ताटलीसारखी वाकली. आता लाकूड झोतापासून लांब, पट्ट्यांवर रचून, दोन आठवडे तसंच ठेवल्याशिवाय कापत नाही.

महिन्यातून एकदा हीटर बंद करून, थंड झाल्यावर पंख्याच्या पात्यांवरचा भुस्सा हवेने उडवते. आवाज आहे, रेडिओ थोडा मोठा करावा लागतो. लादी अजून गार लागते, बाकापाशी जाड रबराची चटई टाकलीय.

ऑक्टोबर ते एप्रिल आमचा गॅस आदल्या वर्षीपेक्षा 26 गिगाजूल (गॅसच्या बिलातलं उष्णतेचं माप) जास्त लागला, वाहतूक आणि कर धरून सुमारे 230 डॉलर. तेवढीच उष्णता विजेच्या हीटरने घेतली असती तर 20 सेंटच्या दराने 1,150 च्या वर गेले असते. विजेच्या तुलनेत बसवायचा खर्च वसूल व्हायला पाचएक हिवाळे लागतील. भाड्याच्या घरात असाल, किंवा हिवाळ्यात चारच शनिवार काम करत असाल, तर एवढं करू नका. भिंती भरून विजेचा हीटर टांगा.

मोठ्या दाराखालचं रबर मात्र जानेवारीत कडक होऊन एका कोपऱ्यात तडकलंय, तिथून थंड हवा सरळ घोट्याला लागते. ऑक्टोबरच्या आत बदलायचंय. माप घेऊन ठेवलंय, 16 फूट 2 इंच.