एका डाउनरिगरवर दोन लुअर: स्टॅकर की स्लायडर?

लेक ट्राउट (थंड तलावांतला मासा) पकडायला एकाच डाउनरिगरवर (केबलला जड वजन लावून गळाची लाइन खोल नेणारं यंत्र) दोन लुअर (नकली आमिषं) सोडायचेत पण स्टॅकर (त्याच केबलवर वर अडकवलेली दुसऱ्या रॉडची लाइन) लावू की स्लायडर (त्याच लाइनवरून घसरणारा दुसरा लुअर), यात बरेच जण अडकतात.

खर्चात स्लायडर सरळ जिंकतो. पाच-सहा फुटी लीडर (लाइनचा छोटा तुकडा), दोन्ही टोकांना स्नॅप स्विव्हल (उघडझाप होणारी फिरती कडी), एक हलका स्पून (चमच्याच्या आकाराचा लुअर), झालं. स्टॅकरला दुसरा रॉड, रील आणि केबलवर बसणारा रिलीज क्लिप (मासा लागला की लाइन सोडणारा चिमटा) लागतोच.

खरा फरक खोलीत आहे. स्लायडर लाइनवरून घसरत जाऊन लाइनला जिथे बाक येतो तिथे थांबतो, म्हणजे साधारण मधल्या पाण्यात, नक्की कुठे ते आपल्या हातात नाही. आणि उन्हाळ्यात लेक ट्राउट १० अंशांच्या आसपासच्या थंड पाण्यात, बरेचदा तळालगत असतो, त्यामुळे वरच्या स्पूनला सॅल्मन किंवा स्टीलहेडच (ट्राउटचाच एक प्रकार) जास्त लागतात (तक्रार नाही म्हणा!). स्टॅकर मात्र वजनाच्या १०-१५ फूट वर हवा तिथे लावता येतो.

कटकट स्टॅकरची जास्त. खालचा मासा लागला की त्याची लाइन वर येताना वरचीत गुंतते, म्हणून वरचा लुअर बोटीपासून कमी अंतरावर ठेवायचा, आणि खालची लाइन परत लावायची तर आधी वरची सोडवा, सगळंच वर घ्या. स्लायडरला हे नाही, पण मासा लागल्यावर लाइन ढिली पडते आणि बरेच सुटतात.

एका माणसाला किती लाइन चालतात ते तिथल्या नियमात आधी बघा, स्टॅकरची लाइन वेगळी मोजली जाते.

एकटे असाल, किंवा मासे कुठल्या थरात आहेत तेच शोधताय तर स्लायडर. सोबत कोणी आहे आणि सोनार यंत्रावर मासे तळाशी दिसतायत तर स्टॅकरच लावा.