आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह

गॅरेजला दिले एकूण 47,800 रुपये. आधी 13,300, मग 34,500. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय.

गाडी 2014 ची डस्टर, 1.5 डिझेल. टायमिंग बेल्ट बदलायला आला होता. ऑफिसमधल्या एकाने गावाबाहेरचं गॅरेज सुचवलं. बेल्ट-टेन्शनरचं किट 9,800, मजुरी 3,500. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ नुसता फिरतोय, गाडी उचलतच नाही. कशीबशी चालू झाली तर पिकअप गायब, मागे धूर. परत नेली. मालकाने बॉनेट उघडून दोन मिनिटं डॉक्टरसारखं इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह वाकलेत. जुना बेल्ट आधीच सरकलेला असणार. हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग; हवा-धूर आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यातच असतात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गाडी त्याच्याकडे, आपण रिक्षाने, आणि रोज "उद्या देतो साहेब."

चौथ्या दिवशी त्याने एक पिशवी आणून टेबलावर ओतली. वाकडे व्हॉल्व्ह. "हे बघा तुमचे." मी एक उचलून बघितला, ठेवला, आणि बोटं रुमालाला पुसली. रुमालावर तांबूस डाग. गंज! डिझेल इंजिनातून काल काढलेला व्हॉल्व्ह तेलाने, काजळीने काळा असतो. गंजतो तो कोपऱ्यात दोन पावसाळे पडून राहिलेला. हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. डाग मी बघितला, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवला. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर 34,500 वाचले असते.

बरं, बिल. व्हॉल्व्ह 16 नग, 650 प्रमाणे 10,400. हेड प्लेनिंग 2,500, हेड गॅसकेट 3,200, हेडचे बोल्ट 1,800, ऑइल-कूलंट 4,600, मजुरी 12,000. मी अकाउंट्सला आहे, बिलं तपासणं हेच माझं पोटपाणी. मी बेरीज तपासली. बरोबर होती.

गाडी सकाळी जरा बरी उचलायची, पण धूर तोच, घाटात दम तोच. मग मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बिल वाचलं, चष्मा वर केला. "साहेब, ह्या इंजिनाला व्हॉल्व्ह हायतच आठ. सोळा बसवलं कुठं?" मग टॉर्च मारून हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर बोट ठेवलं. वर्षानुवर्षांचं तेलमातीचं कीट तिथे जसंच्या तसं. हेडला कोणी हातही लावलेला नव्हता.

मूळ दुखणं बेल्टच्या एका दाताचं. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि बेल्ट दोघांना जोडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा, आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा हे त्या बेल्टवर ठरतं. ह्या इंजिनात क्रँकला एक पिन आणि कॅमच्या पुलीला एक पिन लावून दोन्ही जागेवर धरतात, मगच बेल्ट चढवतात. गॅरेजवाल्यांनी पिना लावल्याच नसणार. पुलीवर व्हाइटनरच्या खुणा होत्या, त्याच बघून बेल्ट चढवलेला. मिस्त्रींनी क्रँकला पिन लावली तेव्हा कॅमची पिन भोकात जाईना, एक दात चुकलेला. टायमिंग लावून पान्याने हातानेच क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवला, पिना पुन्हा घालून बघितल्या, आणि मगच सेल्फ मारला. मध्येच कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, कारण व्हॉल्व्ह पिस्टनला टेकून खरंच वाकतात ते तेव्हा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन व्यवस्थित. घेतले 2,600.

म्हणून सांगतो, बेल्टचं काम असेल तर समोर उभे राहा आणि हाताने फिरवलेले ते दोन फेरे डोळ्यांनी बघा. "आमचा मुलगा एक्स्पर्ट आहे" म्हणाले तर गाडी उचला.

मी मूर्ख नाही. रोज 40 किलोमीटर जाणारा माणूस गाडीशिवाय चार दिवसांत टेकीला येतो, एवढंच.

पोलीस चौकीची कथा वेगळीच. पहिल्या दिवशी दोन तास बसवलं. "गाडी चालते ना आता? मग?" दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यासमोर गॅरेजवाल्याला फोन लावला आणि पाच मिनिटं स्वतःच्या गाडीच्या क्लचबद्दल बोलले! मग मला म्हणाले, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" नाही, साहेब. वरच्या ऑफिसात गेलो तर आधी चौकीची पोच आणा म्हणाले. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका, भांडण झालं तरी चालेल.

बिल कच्चं होतं, जीएसटी नंबर नाही. 20,000 यूपीआयने, बाकी रोख, "साहेब, बँकेत अडकतात" म्हणून. त्या रोखीचा पुरावा शून्य. जुने पार्ट दाखवले तर नुसते बघू नका, घरी आणा, मोजा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. मिरजेचे मिस्त्री लिहून द्यायला तयार आहेत, फक्त म्हणाले, "मराठीत मी सांगतो, तुम्ही लिवा." रविवारी जाणार आहे.