शाळेच्या वाटेवरची राखण: 'कम्युनिटी पीसमेकर टीम्स'ची सेवा कितपत उपयोगी?

ख्रिस्ती अहिंसेवर बोलणाऱ्यांना तोटा नाही. बंदुकीसमोर माणसं उभी करणारे थोडेच. १९८४ साली स्ट्रासबर्गच्या मेनोनाइट (शस्त्र न उचलणारा ख्रिस्ती पंथ) जागतिक परिषदेत धर्मचिंतक रॉन सायडर यांनी आपल्याच लोकांना टोचलं, की सैनिक घेतात तेवढी जोखीम आपण घेणार की नाही? त्यातून १९८६ साली ही संस्था उभी राहिली. तेव्हा नावात 'ख्रिश्चन' होतं, २०२२ पासून 'कम्युनिटी' आहे.

सेवा एकच: धोक्यातल्या लोकांना सोबत. तीही स्थानिकांनी बोलावलं तरच. इस्रायलव्याप्त वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन या पॅलेस्टिनी शहरात १९९५ साली पथक गेलं ते महापौरांच्या निमंत्रणावरून. ही अट कागदी वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. बोलावल्याशिवाय गेलेला परदेशी पाहुणा गावाच्या डोक्याला ताप होतो, आणि तो विमानाने परतला की त्याचे भोग गावच भोगतं.

काम कसं चालतं ते हेब्रॉनच्या दक्षिणेला अत्-तुवानी गावात नीट दिसलं. शेजारच्या तुबा वस्तीतल्या मुलांची शाळेची सरळ वाट माओन ही इस्रायली वसाहत आणि तिची बाहेरची उपवस्ती यांच्या मधून जाते. २००४ च्या सप्टेंबरात मुलांसोबत चालणाऱ्या दोन स्वयंसेवकांना तोंडं झाकलेल्या वसाहतवाल्यांनी साखळी आणि दांडक्यांनी मारलं. हात मोडला, फुप्फुसाला इजा झाली. बोभाटा झाला, आणि मुलांना रोज लष्करी सोबत देण्याचा हुकूम इस्रायली संसदेच्या समितीकडून निघाला. खरं किचकट काम यानंतरचं. स्वयंसेवक इटलीच्या 'ऑपरेशन डव्ह'च्या माणसांबरोबर लांबून नजर ठेवून नोंदी करत: जीप किती वाजता आली, सैनिक खाली उतरून मुलांबरोबर चालले की गाडीतच बसले, शेवटपर्यंत पोचवलं की अर्ध्यावर सोडलं. जीप उशिरा आली की लगेच फोन. हे वर्षानुवर्षं चाललं. आमच्या मते संस्थेची खरी कमाई ही वही आहे. मार खाण्याचं धैर्य त्यानंतर येतं.

बगदादमध्येही तसंच. अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो जगापुढे येण्याआधीच पथक कैद्यांच्या नातेवाइकांच्या तक्रारी लिहून घेत होतं.

आता उणं. परदेशी पासपोर्टची ढाल तिथेच चालते जिथे समोरच्याला जगाच्या नजरेची फिकीर असते. २००५ च्या नोव्हेंबरात बगदादमध्ये चौघांचं अपहरण झालं, त्यांपैकी टॉम फॉक्स यांना मारलं गेलं. अपहरणकर्त्यांना लाजलज्जा बाळगायचं कारणच नव्हतं. उरलेल्या तिघांना मार्च २००६ मध्ये ब्रिटिश नेतृत्वाखालच्या सैनिकांनी सोडवलं, एकही गोळी न झाडता. आपल्या माणसांच्या सुटकेसाठी शस्त्रबळ नको, ही संस्थेची भूमिका होती. टीकाकार यावरून आजही टोमणे मारतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. दुसरं दुखणं खोलवरचं: गोऱ्या पाश्चात्त्य माणसाचा जीव महाग, म्हणून तो ढाल. म्हणजे ज्या वर्णभेदाविरुद्ध लढायचं त्याच्याच भांडवलावर काम करायचं! संस्थेने हे उघड मान्य करून प्रशिक्षणात वंशभेदाचा विषय घेतला आणि पथकांत स्थानिक माणसंही घेतली, हे तिच्या बाजूचं.

जायचं असेल तर दोन वाटा. आठवडा-दोन आठवड्यांचा अभ्यासगट स्वखर्चाने. त्यात भेटीगाठी, थोडी गस्त आणि परतल्यावर आपल्या चर्चच्या मंडळीत बोलणं. पूर्ण वेळासाठी कसून प्रशिक्षण. मानधन गरजेपुरतंच. धर्मप्रसार इथे चालत नाही, तेव्हा सुवार्तेच्या पत्रिका वाटायच्या असतील तर दुसरी संस्था बघा. लवकर रागावणाऱ्यानेही जाऊ नये. चेकनाक्यावर तासन्‌तास काहीच घडत नाही, आणि घडलं तर सैनिकाशी हुज्जत घालणाऱ्या स्वयंसेवकाची किंमत रांगेत मागे उभा असलेला पॅलेस्टिनी मोजतो.