मराठी-गुजराती वर्गासाठी स्टोरीवीव्हर: काय घ्यावं, काय गाळावं

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत मराठी बोलणारी पण शाळेत गुजरातीच वाचायला शिकलेली मुलं पुष्कळ. त्यांच्या वर्गाला एकच गोष्ट दोन्ही भाषांत, त्याच चित्रांसह हवी असते. प्रथम बुक्सचं २०१५ साली सुरू झालेलं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ नेमकं इथे उपयोगी पडतं. पुस्तकं मोफत आहेत. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी-बाय ४.० आहे, त्यामुळे श्रेय कायम ठेवून ती छापता, वाटता आणि भाषांतरित करता येतात. जोडपुस्तकांचा इतका सोपा साठा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

निवड मात्र डोळे उघडे ठेवून करावी. इथल्या पातळ्या मुख्यतः शब्दसंख्येवर बेतलेल्या आहेत: पहिली २५० शब्दांच्या आत, दुसरी ६००पर्यंत, तिसरी १५००पर्यंत, चौथी त्यापुढे. या हिशेबात जोडाक्षरं धरलेली नाहीत. अगदी पहिल्या पातळीतही ‘त्यांच्या’, ‘स्वच्छ’ असे शब्द येऊ शकतात आणि डोक्यावरच्या रेघेची सवय नसलेलं मूल तिथेच अडखळतं. शिवाय ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतला च वेगळा, हे अक्षराकडे बघून कळत नाही. गुजराती वाचणारं मूल दोन्ही एकसारखेच वाचतं. म्हणून पहिली दहाएक पुस्तकं जोडाक्षरं मोजूनच घ्यावीत. पानाला दोनपेक्षा जास्त असतील, तर ते पुस्तक शिक्षकाने वाचून दाखवायच्या गठ्ठ्यात.

दुसरी अडचण भाषांतराची. भाषांतर कुणालाही करता येतं, हे या व्यासपीठाचं मोठं बळ आहे. दर्जा कमीजास्त होतो तोही त्यामुळेच. प्रकाशकाने काढलेली आवृत्ती आधी घ्यावी. वाचकांपैकी कुणी केलेली असेल तर दोन पानं मोठ्याने वाचावीत. ‘त्याच्याद्वारे केले गेले’ अशी वाक्यं कानाला लगेच खटकतात. अशी आवृत्ती सरळ गाळावी, किंवा खातं उघडून स्वतः नवं भाषांतर करावं. गुजराती आवृत्तीही गुजराती घरातल्या कुणाकडून तशीच वाचून घ्यावी.

छपाईत तर हमखास घोळ होतात. पीडीएफ आहे तशीच छापावी. मजकूर उचलून वर्डमध्ये नेला की काना-मात्रा विस्कटतात. बुकलेट काढताना एकूण पानं चारच्या पटीत हवीत, कमी पडली तर कोरी पानं घालावीत. पाठपोट छपाईत ‘शॉर्ट एज’ निवडावं, नाहीतर मागची बाजू उलटी येते. आतल्या पानांना १०० ते १३० जीएसएमचा कागद, मुखपृष्ठाला २५० आणि मध्यावर दोन पिना एवढं पुरतं. काळ्या-पांढऱ्या प्रतींनी पैसे वाचतात, पण लहान मुलं अर्धी गोष्ट चित्रातून वाचतात, तेव्हा रंगीतच काढाव्यात. शेवटची श्रेयाची पानं पुष्कळ छापखाने परस्पर वगळतात. ती मागून घ्यावीत, परवान्याची अटच तशी आहे.

तीस मुलांच्या वर्गाला वीस जोड्या सुरुवातीला भरपूर झाल्या, प्रत्येक भाषेच्या दोन-दोन प्रती. विषयांत विविधता हवी: शहर आणि पाडा, मुलगी नायिका असलेली गोष्ट, अपंग मूल, वेगवेगळे सण, थोडं विज्ञान. हे सगळं स्टोरीवीव्हरवर चांगलं मिळतं.

मूळ मराठीत सुचलेली, मराठी घरातल्या बोलण्याच्या लयीतली पुस्तकं मात्र इथे पुरेशी नाहीत. त्यासाठी पैसे काढून ठेवावेत आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं विकत आणावीत. इंग्रजीची जोड हवी असेल तर तुलिका या प्रकाशनसंस्थेच्या द्विभाषिक आवृत्त्या उत्तम. स्वस्तात भर घालायला नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला आहे. सयाजीरावांनी याच शहरात मुलांसाठी बालज्ञानमाला काढवली, तीही मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत. तिच्यातली जुनी पुस्तकं मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून पाहावीत. त्यांची भाषा आजच्या मुलांना जड जाईल, पण शिक्षकांनी ती जरूर चाळावीत.