‘दि अ‍ॅनोटेटेड लोलिता’: टिपांच्या गर्दीत डोलोरेस कुठे आहे?

व्लादिमीर नाबोकोव यांची ‘लोलिता’ ही कादंबरी 1955 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. तिच्यात हंबर्ट नावाचा प्रौढ माणूस डोलोरेस या बारा वर्षांच्या मुलीचं लैंगिक शोषण करतो आणि कैदेत बसून, ज्युरीला उद्देशून, ती हकीकत स्वतःच सांगतो. आल्फ्रेड अ‍ॅपेल यांनी 1970 मध्ये या कादंबरीची सटीप आवृत्ती काढली. इथे बोलायचं आहे ते तिच्या 1991 च्या सुधारित, व्हिंटेज प्रकाशनाच्या पेपरबॅकबद्दल. अ‍ॅपेल कॉर्नेल विद्यापीठात नाबोकोव यांचे विद्यार्थी होते. साधी प्रत सोडून ही घेण्याचं मोठं कारण म्हणजे फ्रेंच. निवेदक हंबर्ट वाक्यावाक्यात फ्रेंच पेरतो, त्याचा अर्थ इथे मिळतो. एडगर अ‍ॅलन पोच्या कवितेचे धागे आणि नावांमधले शब्दखेळही उलगडून दाखवले आहेत.

मांडणी मात्र नव्या वाचकाला फसवते. आधी अ‍ॅपेल यांचं मनोगत, मग त्यांचा लांबलचक निबंध आणि त्यानंतर ‘डॉ. जॉन रे’ यांचं प्रास्ताविक. पहिले दोन मजकूर शेवटी वाचावेत, कारण निबंधात कथानक फुटतं. तिसरा मात्र ‘प्रस्तावनाच ती’ म्हणून ओलांडू नये. जॉन रे हे कादंबरीतलंच पात्र आहे. मिसेस रिचर्ड शिलर नावाची बाई 1952 च्या नाताळला बाळंतपणात गेली, हे तो सहज सांगून जातो. ही बाई कोण, हे दुसऱ्या भागाच्या 27 व्या प्रकरणात कळतं आणि तोवर बहुतेकांच्या लक्षातून ते नाव गेलेलं असतं. ते पेन्सिलीने लिहून ठेवा.

टिपा पुस्तकाच्या शेवटी आहेत, त्यामुळे दोन वाचनखुणा लागतात. प्रत्येक आकड्याला मागे पळालात तर हंबर्टचा सूर तुटतो. तो सूर कानात बसल्याशिवाय हंबर्ट आपल्याला कसा गुंडाळतो, हे कळत नाही. पूर्ण प्रकरण वाचून मगच त्याच्या टिपा बघाव्यात. पहिल्या वाचनात तर टिपा फक्त फ्रेंचपुरत्या वापरा, कारण शेवटपर्यंत झाकून ठेवलेल्या एका माणसाची ओळख त्या फार लवकर देऊन टाकतात.

खरी तक्रार वेगळी आहे. हंबर्ट जिथे चमकतो तिथे टिपा भरभरून येतात. बारा वर्षांची डोलोरेस हेझ जिथे दिसते तिथे त्या विरळ होतात. ‘लोलिता’ हे हंबर्टने तिच्यावर लादलेलं नाव. इंग्रजी शब्दकोशांत त्याचा अर्थ आज मोहात पाडणारी अल्पवयीन मुलगी असा दिला जातो, म्हणजे आरोपीची बाजू शब्दकोशात गेली. ही बाजू मोडून काढायला लागणारा पुरावा त्याच्याच जबानीत आहे, तो वाचकाने वेचायचा. पहिल्या भागाच्या 11 व्या प्रकरणातली रोजनिशी नष्ट झालेली आहे आणि तो ती आठवणीतून ‘जशीच्या तशी’ लिहितो. दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, अर्ध्या वाक्यात, तिचं रोज रात्रीचं रडणं आहे. त्याच भागाच्या सातव्या प्रकरणात तो तिने पुस्तकात लपवलेले आठ डॉलर शोधून काढतो, कारण पैसे साठले तर ती पळून जाईल ही त्याची भीती. दुसऱ्या वाचनात समासात फक्त तिचं बोलणं, तिचं रडणं आणि तिचे पैसे टिपत जा. शैलीवर खूश होण्यात काहीच गैर नाही, पण त्या खुशीत हे आठ डॉलर नजरेतून सुटले तर आपण ज्युरी म्हणून हंबर्टच्या बाजूने मत दिलेलं असतं.

तारखाही ताडून पाहा. रे यांच्या मते हंबर्ट 16 नोव्हेंबर 1952 ला मेला. तो स्वतः लिहिण्याचे 56 दिवस सांगतो. उलटं मोजलं की आपण 22 सप्टेंबरच्या आसपास पोचतो आणि त्याच दिवशी त्याला एक पत्र आलेलं असतं. मग पत्रानंतरचा प्रवास आणि अटक कुठे बसवायची? काही अभ्यासक ही लेखकाची चूक मानतात, काही शेवटच्या प्रकरणांवरच अविश्वास दाखवतात.

मुंबईच्या जायको प्रकाशनाने मागवलेल्या प्रती 1959 मध्ये इथल्या कस्टम्सने अडवल्या होत्या. मोरारजी देसाईंना पुस्तक अश्लील वाटलं, नेहरूंनी आयात होऊ दिली. निर्णय योग्यच होता. पण वाद अश्लीलतेवर झाला आणि त्या मुलीवर काय गुजरलं हा प्रश्न बाजूलाच राहिला.

एकदा साधी प्रत वाचलेल्यांनी ही आवृत्ती जरूर घ्यावी. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांनी घेतली तर टिपांची पानं रबर लावून बंद ठेवावीत आणि फ्रेंच अडलं तरच उघडावीत.