मराठवाड्यात नवी मंडळी : घरसंगती, जुन्या मंडळीची शाखा की स्वतंत्र ट्रस्ट?

पाचारण स्पष्ट आहे, उपवास-प्रार्थना झाली आहे, घरच्यांचा होकार आहे. आता प्रश्न रचनेचा. मराठवाड्यात नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासीयांचा समुदाय (चर्च), उभी करू पाहणाऱ्यासमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली, कोणाच्या तरी घरात जमणारी संगती. दुसरी, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट यांसारख्या जुन्या संप्रदायातल्या एखाद्या मंडळीची शाखा. तिसरी, स्वतःचा ट्रस्ट नोंदवून भाड्याच्या जागेत चालणारी स्वतंत्र मंडळी.

निवड करताना बहुतेक सेवक रविवारच्या उपासनेचा विचार करतात आणि तिथेच गणित चुकते. रविवार तिन्ही वाटांवर जवळपास सारखाच जातो. फरक पडतो तो लग्न लावताना, मयत पुरताना, दान मोजताना आणि दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला गेल्यावर. म्हणून इथे तुलना त्याच प्रसंगांवरून केली आहे.

दोन्ही टोकांच्या वाटा मराठी माणसांनी पूर्वी चालून पाहिलेल्या आहेत. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल येथे ख्रिस्ती वसाहत उभी केली, ती स्कॉटलंडच्या मिशनच्या आधाराने. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तेव्हा संप्रदायात राहणारा कमी विश्वासाचा आणि बाहेर पडणारा जास्त धाडसी, असा हिशेब मांडू नये.

जागा आणि माणसे

घरसंगतीला दहा बाय बाराची खोली पुरते. सतरंजीवर एका माणसाला सुमारे 6 चौरस फूट लागतात, म्हणजे वचन सांगणाऱ्याची जागा धरून 18 ते 20 माणसे बसतात. खुर्च्या मांडल्या की तीच खोली 12 माणसांत भरते. साहित्य म्हणाल तर पवित्र शास्त्राच्या 8-10 प्रती, गीतपुस्तके, ढोलकी आणि झांज. माईक नको. खोलीत 20 माणसांना माईक लागत नाही आणि शेजाऱ्यांशी पहिला वाद बहुधा त्यावरूनच होतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो आणि निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. भरात आलेले भजनसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडते.

शाखेला बहुधा मूळ मंडळीची शाळेची खोली, जुना बंगला किंवा एखाद्या विश्वासीचे अंगण मिळते. भाडे वाचते. पण जागेवर हक्क संप्रदायाच्या मालमत्ता ट्रस्टचा राहतो आणि त्या मालमत्तेचे जुने वाद असतील तर तेही सोबत येतात. हो म्हणण्याआधी त्या जागेवर कोर्टात काही चालू आहे का, हे मूळ मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीला सरळ विचारा.

स्वतंत्र मंडळीला हॉल लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार 11 महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यात ‘रविवारची उपासना व आठवड्याच्या प्रार्थना सभेसाठी’ हे शब्द स्पष्ट घाला. ‘ऑफिससाठी’ असा करार करून उपासना सुरू केली, तर पहिल्या तक्रारीला घरमालक हात वर करतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर लहान मुले आणि म्हातारी माणसे बसूच शकत नाहीत. उन्हाळ्यात साडेसात ते साडेनऊ ही वेळ ठेवा. त्या गावचा आठवडी बाजार रविवारी असेल तर मजूर आणि माळवं विकणाऱ्या बाया सकाळी येणार नाहीत. तिथे संध्याकाळची उपासना धरा.

जमीन विकत घेण्याची घाई कोणत्याच वाटेवर करू नये. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सातबाऱ्यावर मदतमाश, खिदमतमाश, इनाम असे, म्हणजे त्या काळी बक्षीस किंवा सेवेबद्दल दिलेल्या जमिनीचे, शेरे आजही दिसतात. असा शेरा किंवा ‘भोगवटादार वर्ग 2’ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) दिसला, तर तहसीलमधून त्याचा अर्थ लेखी कळेपर्यंत इसार देऊ नका. शेतजमीन ट्रस्टच्या नावे थेट घेता येत नाही आणि गुंठेवारीच्या तुकड्यावर प्रार्थनागृहाची बांधकाम परवानगी अडते. पाळकाच्या नावावर ‘सध्यापुरती’ घेतलेली जागा पुढे त्याच्या मुलांच्या वारसाहक्कात जाते. मंडळ्या फुटण्याचे हे फार मोठे कारण आहे.

लग्न आणि मयत

स्वतंत्र वाटेने निघालेले सेवक इथे सर्वांत कमी तयारीने उभे असतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 प्रमाणे वाटेल त्याला लग्न लावता येत नाही. बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, स्कॉटलंडच्या चर्चचे पाळक, सरकारी परवाना असलेले धर्मसेवक, विवाह निबंधक आणि कायद्यात सांगितलेले इतर परवानाधारक, इतक्यांनाच तो अधिकार आहे. बायबल कॉलेजचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. अधिकार नसताना लग्न लावणे गुन्हा आहे आणि त्याला कडक शिक्षा आहे.

शाखेत हा प्रश्न मूळ मंडळीचा दीक्षित पाळक सोडवतो आणि लग्नाची नोंद त्यांच्या रजिस्टरात होते. घरसंगती आणि स्वतंत्र मंडळीला दोन उपाय आहेत. परवानाधारक पाळकाशी आधीच बोलून ठेवणे, किंवा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून नंतर मंडळीत आशीर्वादाची प्रार्थना घेणे. दुसऱ्या उपायात 30 दिवसांची नोटीस लागते. मुलीच्या घरी पत्रिका छापून झाल्यावर ही गोष्ट कळली तर मंडळीची गावात नाचक्की होते.

मयतीला तेवढाही वेळ नसतो. जुन्या ख्रिस्ती दफनभूमी बहुधा संप्रदायांच्या ताब्यात असतात आणि त्यांच्या सभासद यादीत नाव नसेल तर अडवणूक होऊ शकते. गावात मयत अडून राहिली की दुःखातल्या कुटुंबाला एकाच वेळी दोन्हीकडून परके झाल्यासारखे वाटते. म्हणून उपासना सुरू करण्याआधी जुन्या मंडळीच्या पाळकांना भेटून दफनभूमीबद्दल लेखी समज करून घ्या. ते होत नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे दफनासाठी जागेचा अर्ज करा आणि पोचपावती फाईलला लावा. या एका मुद्द्यावर शाखेची वाट बाकी दोन्हींपेक्षा खूप पुढे आहे.

बाप्तिस्मा

सी.एन.आय.मध्ये बाळाचा आणि विश्वास कबूल केलेल्या प्रौढाचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. बहुतेक स्वतंत्र मंडळ्या प्रौढांचा, पाण्यात बुडवूनच करतात. तुमची शिकवण कोणती हे शाखा मागण्याआधी ठरवा. तीन वर्षांनी या कारणावरून बाहेर पडणे सगळ्यांनाच जड जाते.

पाण्याचा हिशेब करा. 6 फूट लांब, 3 फूट रुंद टाकीत अडीच फूट पाणी भरायला सुमारे 1,275 लिटर लागते. एप्रिलमध्ये गाव टँकरवर असताना असे पाणी भरणे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलेल आणि त्यांचे सलणे रास्त आहे. सप्टेंबर हा चांगला महिना: पाणी असते आणि ऊसतोड मजूर अजून गावात असतात. नदी-तलावात जाणार असाल तर कमरेच्या वर पाणी नको, आणि खालचा गाळ आदल्या दिवशी पायाने चाचपून पाहा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कागदाची. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाला तो मिळत नाही. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. मराठवाड्यात नव्या मंडळीत येणारी कितीतरी कुटुंबे दलित वस्त्यांतली असतात. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतले आरक्षण, निवडणुकीतली राखीव जागा हे सगळे त्याला जोडलेले आहे. बाप्तिस्म्याच्या वर्गात हे स्पष्ट सांगणे सेवकाचे कर्तव्य आहे, मग ऐकणारा थांबला तरी चालेल. लूकच्या 14व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले आहे, तो हिशेब त्या माणसालाही करू द्या.

संविधानाच्या 25व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. सक्तीने किंवा फसवून धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले. या विषयावरचे कायदे राज्याराज्यांत बदलत असतात, म्हणून सुरुवातीलाच जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाकडून चालू तरतूद लेखी घ्या. तिन्ही वाटांवर काही नियम सारखेच: 18 वर्षांखालील मुलांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय वर्गात बसवू नका. धान्य, पैसे, नोकरी यांचा उपासनेशी संबंध लावू नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. बाप्तिस्म्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

पैसा आणि कागद

घरसंगतीला स्वतःचे बँक खाते सहज मिळत नाही. मग दान पाळकाच्या खात्यात जाते आणि दोन वर्षांत कुजबूज सुरू होते. उपाय साधा आहे. दानपेटी त्याच दिवशी एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी उघडायची, वहीत आकडा लिहून सह्या करायच्या आणि रक्कम पाठवणाऱ्या मंडळीच्या (ज्या मंडळीने सेवकाला या कामावर पाठवले तिच्या) खात्यात वेगळ्या शीर्षाखाली भरायची. शाखेत ही शिस्त आधीच असते, मात्र दानाचा काही भाग वर संप्रदायाकडे जातो आणि खर्चाला ठराव लागतो.

स्वतंत्र ट्रस्टची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खाली धर्मादाय कार्यालयात होते. विश्वस्तपत्र, विश्वस्तांची ओळखपत्रे, जागेचा पुरावा आणि जागा मालकाचे संमतीपत्र लागते. संस्था म्हणून 1860 च्या कायद्याखाली जायचे असेल तर किमान 7 सभासद हवेत. नोंदणी तशी होऊन जाते, कस लागतो नंतर. दरवर्षी लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज. स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. बदल अर्ज वर्षानुवर्षे न दिल्याने मयत विश्वस्ताचे नाव कागदावर तसेच राहते आणि एक दिवस बँक सह्या नाकारते. नवरा, बायको, मेहुणा आणि भाऊ असे चार विश्वस्त असलेला ट्रस्ट कागदावर सार्वजनिक असतो, वागणुकीत खासगी. पाच ते सात विश्वस्त ठेवा, त्यांत एका घरातला एकच. मुदत किती आणि काढायचे कसे, हे विश्वस्तपत्रातच लिहा.

परदेशी पैशाच्या आशेने ट्रस्ट काढू नका. एफसीआरए (परदेशी देणग्या घेण्याबाबतचा कायदा) नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षे जुनी आणि त्या काळात मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. त्याआधी बाहेरचा पैसा कोणाच्याही खात्यातून फिरवून घेणे म्हणजे मंडळी आणि तो माणूस, दोघांनाही अडचणीत घालणे.

ऊसतोडीचे सहा महिने

बीड, जालना, धाराशिव पट्ट्यात हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. जूनमध्ये भरलेली मंडळी डिसेंबरला रिकामी दिसते आणि नवा सेवक खचतो. भाड्याच्या हॉलची वाट इथे सर्वांत कच्ची ठरते, कारण माणसे निम्मी होतात आणि भाडे तेवढेच राहते. भाडे ठरवताना नाताळच्या आठवड्यातले नव्हे, जानेवारीतल्या साध्या रविवारचे दान धरा. आमच्या मते भाडे त्या दानाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये.

घरसंगती मात्र टोळीबरोबर चालू शकते. जाणाऱ्या प्रत्येक टोळीत वाचता येणारा एक विश्वासी तयार करा. त्याला 24 आठवड्यांचे वचनपाठ एका वहीत लिहून द्या आणि टोळीत कोणालाच वाचन जमत नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रण. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) दिवस पहाटे सुरू होतो, म्हणून रात्री जेवणानंतरची वीस मिनिटे पुरेशी. पाळकाने हंगामात किमान दोनदा उसाच्या फडावर जाऊन यावे. शाखेत याला एक अडचण येते: प्रभुभोजन दीक्षित पाळकच देतो, त्यामुळे कोपीवरच्या कुटुंबांचे ते महिनोन् महिने राहून जाते. ते मागून घ्या, संप्रदायाशी बोलून तारीख ठरवा.

कोणाला काय बसेल

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर या शहरांत मंडळ्या आधीच आहेत. तिथे सुरू करताना पहिल्या वर्षातल्या माणसांची यादी काढून पाहा. त्यातली बहुतेक दुसऱ्या मंडळीतून आलेली असतील तर ते मेंढरे हलवणे झाले. रोमकरांस पत्रात पौल दुसऱ्याच्या पायावर इमारत न बांधण्याची गोष्ट करतो, ती शहरातल्या सेवकाने रोज वाचावी. शिकवण जुळत असेल तर शहरात शाखाच बरी. हॉलची मंडळी तिथेच उघडा जिथे भाषेमुळे किंवा अंतरामुळे खरोखर कोणी पोहोचत नाही.

तालुक्याच्या गावी, तांड्यावर, ऊसतोडीच्या पट्ट्यात घरसंगती घ्या, पण एकट्याने नको. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केले, तशी पाठवणारी मंडळी मागे असू द्या. तिचा लेखी ठराव घ्या आणि त्यात चार गोष्टी मागा: लग्नासाठी पाळक, दफनभूमी, पैशाचा हिशेब पाहणारा माणूस आणि तुम्ही चुकलात तर तुम्हाला बोलावून विचारण्याचा अधिकार. स्वतःच्या घरखर्चासाठी सहा महिन्यांची शिल्लक किंवा हाताला काम ठेवा. पौल तंबू शिवत होता.

ट्रस्टचा विचार दोन पूर्ण ऊसहंगाम गेल्यावर करा. तोवर नात्याबाहेरचे पाच जबाबदार वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) उभे राहिले असतील आणि दुसऱ्या जानेवारीचे दान पहिल्यापेक्षा घटले नसेल, तर नोंदणीचा अर्ज द्या. नसेल तर आणखी एक हंगाम घरातच जमा, आणि विश्वस्तपत्राचा मसुदा तेवढ्यात पाठवणाऱ्या मंडळीच्या वडिलांकडून तपासून घ्या.